थांबायचे कोणी? बोरघाटापासून बैलगाड्यांच्या घाटापर्यंत: हाताने फोकस साधण्याचा इतिहास (थ्रेड)

१/
बोरघाटाच्या रेल्वेमार्गाची जुनी छायाचित्रे पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. कडे, बोगद्यांची तोंडे आणि दगडी पुलांच्या कमानी त्यांत लख्ख दिसतात. माणसे मात्र मोजकीच, आणि जी आहेत ती स्तब्ध उभी. जो मार्ग हजारो हातांच्या अविश्रांत हालचालीतून उभा राहिला, त्याच्या चित्रात हालचालच नाही. असे का झाले आणि पुढे ते कसे बदलले, याचा हा धागा.

२/
प्रथम घाट. मुंबई-पुणे लोहमार्गातील खंडाळ्याच्या चढाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. चढाची लांबी सुमारे १५ मैल, उंचीतील फरक १,८३१ फूट, बोगदे २५. १८६१ मध्ये या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. पटकी, ताप आणि सुरुंगांचे अपघात यांत हजारो दगावले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

३/
या कामाचे कंत्राट १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले; परंतु भारतात पोहोचल्यावर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे ठेवले आणि अनुभवी अभियंते नेमून ते तडीस नेले. त्या छायाचित्रकारही होत्या. बोरघाटाच्या बांधकामाचे त्यांनी केलेले छायाचित्रण आज या घाटाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

४/
त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या आत, चित्र घेऊन धुवायची. त्यामुळे अंधारकोठडीचा तंबू कॅमेऱ्यामागोमाग डोंगरात न्यावा लागे. प्रकाश आत घेण्याचा काळ बहुधा काही सेकंदांचा असे.

५/
फोकस कसा साधत? कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन तिच्यावरची उलटी प्रतिमा पाही आणि भिंग मागेपुढे सरकवून ती रेखीव करी. मग दुधी काच दूर करून तिच्या जागी ओली काच बसवली जाई. त्या क्षणापासून छायाचित्रकाराला काहीही दिसत नसे. पाहणे आणि टिपणे यांच्यामध्ये आंधळेपणाची काही मिनिटे होती.

६/
त्या मिनिटांत समोरचे जग जागचे हलता कामा नये, ही या तंत्राची अट होती. कडा ती सहज पाळी. पहार चालवणारा, पाटी वाहणारा मजूर ती पाळू शकत नसे. काम चालू ठेवले तर काचेवर त्याचा धुरकट डाग उमटे, किंवा तोही नाही. स्पष्ट दिसायचे असेल तर त्याला काम थांबवून उभे राहावे लागे. थांबण्याचा भार पूर्णपणे समोरच्यावर होता.

७/
हा भार समोरच्यावरून काढून छायाचित्रकाराने स्वतःवर घेणे, हाच पुढील शतकभराचा इतिहास आहे. लवकरच कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या आणि १८८० पर्यंत त्या सर्रास मिळू लागल्या. आता सेकंदाच्या अंशात चित्र घेता येऊ लागले. शटर वेगवान झाले; पण फोकस अजून हातानेच साधायचा होता आणि धावत्या वस्तूवर तो साधायला वेळच नव्हता.

८/
यावरचा उपाय जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी दाखवला होता. धावपट्टीच्या कडेला त्यांनी १२ कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येकाचे शटर पट्टीवर आडव्या ताणलेल्या दोऱ्याला जोडलेले. घोडी धावली, दोरे तुटत गेले, चित्रे उमटत गेली. घोडी नेमकी किती अंतरावरून जाणार हे आधीच ठाऊक असल्याने फोकस आदल्या वेळीच लावून ठेवलेला होता.

९/
म्हणजे मायब्रिज यांनी घोडीचा पाठलाग केला नाही. त्यांनी जागा निवडली, अंतर बांधले आणि घोडीची वाट पाहिली. हाताने फोकस करणाऱ्या प्रत्येक चपळ छायाचित्रकाराची युक्ती मुळात हीच आहे. तिचे मराठी मुलखातील पहिले ठळक उदाहरण मात्र स्थिर कॅमेऱ्याचे नसून चलच्चित्राचे आहे.

१०/
हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईतील छायाचित्र-व्यावसायिक. जुलै १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हा त्यांना या कलेची ओढ लागली. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चित्रित केली.

११/
निवड विचारपूर्वक होती की सहजस्फूर्त, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी कुस्ती या यंत्राला फारच अनुकूल होती. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यात हँडल फिरवत असताना भिंगातून पाहण्याची सोय नव्हती. फोकस आधी लावायचा आणि मग विश्वासाने फिरवत राहायचे. मल्ल कितीही झुंजले तरी लढतीची जागा सोडून जात नाहीत. अंतराची हद्द तेथे आपोआप आखलेली असते.

१२/
डिसेंबर १९०१ मध्ये सावेदादांनी याहून अवघड प्रसंग टिपला. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले तेव्हा चौपाटीवर त्यांचे स्वागत झाले. येथे आखलेली हद्द नव्हती, गर्दी होती. आणि तो क्षण पुन्हा येणार नव्हता. भारतातील वार्तापटाच्या आरंभाची खूण म्हणून या चित्रणाचा उल्लेख होतो.

१३/
याच सुमारास घाटमाथ्यावर कॅमेऱ्याचा दुसरा, अगदी उलट स्वभावाचा संसार मांडला जात होता. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि १८९९ मध्ये कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याजवळील मळवलीला आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. मळवलीत छापलेले देवदेवतांचे रंगीत तक्ते घरोघरी पोहोचले.

१४/
या छापखान्यासाठी छायाचित्रणाच्या साहाय्याने शिळाछपाईचे काम करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके होते. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. ती नोकरी सोडल्यावर १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छपाई व ब्लॉक तयार करण्याचा कारखाना काढला. पुढे तो दादरला हलला.

१५/
ब्लॉक करणाऱ्याचा कॅमेरा म्हणजे जड, स्थिर यंत्र. समोर सपाट चित्र टांगलेले, अंतर मोजून बांधलेले, वेळ हवा तेवढा. फोकसमध्ये केसाइतकीही चूक चालत नसे, कारण ती छपाईत दिसे. १९१२ मध्ये फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि प्रथम त्यांनी रोप उगवण्याची क्रिया थांबत थांबत, एकेक चौकट घेऊन चित्रित केली. अंतर बांधून वाट पाहण्याची सवय छपाईच्या धंद्याने त्यांच्या हाती आधीच दिली होती.

१६/
तरीही घटना निसटतच होत्या. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बाग हत्याकांडानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर अमृतसरला गेले. त्यांनी गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतींची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुरावा म्हणून मोल मोठे आहे. परंतु कॅमेऱ्यासमोर जे स्थिर राहिले होते ते भिंतीच होत्या. बोरघाटातील कड्यांप्रमाणेच.

१७/
घटना घडत असताना तेथे पोहोचायचे, तर कॅमेरा तिपाईवरून हातात यायला हवा होता. अमेरिकेत १९१२ पासून मिळू लागलेला स्पीड ग्राफिक तसा होता. पण प्रत्येक चित्रानंतर फिल्मचा पत्रा बदलावा लागे. संधी एकच. म्हणून न्यूयॉर्कचा वृत्तछायाचित्रकार वीजी आपला कॅमेरा एकाच मापावर लावून ठेवी: ॲपर्चर एफ/१६, शटर १/२०० सेकंद, फ्लॅशचा दिवा आणि अंतर १० फूट.

१८/
ते दहा फूट समजून घेण्यासारखे आहेत. घटनास्थळी फोकस जुळवत बसण्याऐवजी तो स्वतः दहा फुटांवर जाऊन उभा राही. कॅमेऱ्याचे अंतर ठरलेले, पाय मोकळे. फोकस करण्याचे काम बोटांकडून पायांकडे आले. त्यासाठी दहा फूट म्हणजे किती, हे नजरेला पक्के ठाऊक असावे लागे.

१९/
१९२५ मध्ये जर्मनीत लायका आला. सिनेमाची ३५ मिमी फिल्म, खिशात मावणारी पेटी, एका रिळात ३६ चित्रे. आरंभी अंतर अंदाजानेच लावावे लागे. १९३२ च्या लायका-२ मध्ये भिंगाला जोडलेला रेंजफाइंडर आला: एका खिडकीत वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, भिंगाची कडी फिरवली की त्या जवळ येतात, आणि एकरूप झाल्या की फोकस जुळला.

२०/
हे अचूक होते, तरी धावत्या प्रसंगात धीमे. म्हणून सराईत लोक भिंगावर कोरलेल्या दुसऱ्या एका पट्टीवर विसंबत: स्पष्टतेची खोली सांगणारी पट्टी. भिंगाचे ॲपर्चर जितके लहान, तितका पुढचा-मागचा अधिक पट्टा चित्रात रेखीव वाटतो. ३५ मिमी भिंग एफ/८ वर ठेवून ३ मीटरवर लावले, तर साधारण १.९ पासून ७.३ मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते.

२१/
म्हणजे पाच मीटरांहून मोठा पट्टा आधीच ‘मांडून’ ठेवता येतो आणि त्यात जो येईल तो टिपता येतो. ५० मिमी भिंगाने एफ/८ वर हाच पट्टा सुमारे २.३ ते ४.२ मीटर होतो. आणि तेच भिंग अंधारात एफ/२ वर उघडले, की उरतो जेमतेम ४३ सेंटिमीटर: २.८ ते ३.२ मीटर. एका माणसाने अर्धे पाऊल पुढे टाकले, तर तो पट्ट्याबाहेर जातो.

२२/
ही आकडेमोड घाटमाथ्यावरच्या एका जागी प्रत्यक्ष पाहता येते. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, दोन हजार वर्षे स्तब्ध; ओल्या काचेच्या कॅमेऱ्यालाही ते पुरून उरेल. त्याच्याच दारात एकवीरा आईचे देऊळ आहे. चैत्र शुद्ध सप्तमीच्या पालखीला कोळी-आगरी समाजाचे भाविक दाटी करतात. दगड आणि गर्दी यांत हाताचेही अंतर नाही.

२३/
चैत्राच्या भर उन्हात १०० वेगाच्या फिल्मवर एफ/८ आणि १/४०० सेकंद सहज मिळतात. पट्टा मोठा, शटर वेगवान. भिंग ३ मीटरवर लावून छायाचित्रकाराने पायऱ्यांवर फिरावे. पण पालखी निघेपर्यंत दिवस कलला, की प्रत्येक मिनिटाला पट्टा आक्रसतो. १९५४ मध्ये ३५ मिमी आकारात आलेल्या कोडॅकच्या ट्राय-एक्ससारख्या अधिक वेगवान फिल्मचे महत्त्व येथे कळते: तिने काळोखात थोडे अंतर परत दिले.

२४/
अशा गर्दीत अनुभवी हातांची आणखी एक रीत असे. काम संपले की कडी नेहमी एकाच टोकाला, बहुधा अनंतावर, नेऊन ठेवायची. मग पुढच्या वेळी कडी कोणत्या दिशेला फिरवायची याचा विचार करावा लागत नाही. काही भिंगांना खाली बोटाचा लहानसा दांडा असतो; त्याचे बोट कोणत्या कोनात आहे यावरून डोळ्याला कॅमेरा लावण्यापूर्वीच अंतर कळते.

२५/
स्वातंत्र्याच्या काळातील भारताचा चेहरा ज्या हातांनी टिपला, त्यांत होमाई व्यारावाला अग्रणी. नवसारीत १९१३ मध्ये जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण, १९४२ पासून दिल्लीत काम. स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स ही त्यांची साधने. साडी नेसून, जड सामान वागवत, पुरुषांच्या गर्दीत त्यांना जागा मिळवावी लागे.

२६/
रोलायफ्लेक्सची अडचण निराळी. वरून खाली पाहायचे आणि प्रतिमा उजवी-डावी उलटी. मिरवणूक उजवीकडे जात असेल तर काचेत ती डावीकडे जाताना दिसते. एका रिळात चौकोनी चित्रे फक्त बारा. म्हणून वेगवान प्रसंगी फोकस आधी लावून, झाकणातील मोकळ्या चौकटीतून थेट पाहण्याची सोय त्यात होती. फोकस विसरा आणि माणसांकडे पाहा, असा त्या चौकटीचा अर्थ.

२७/
बारा किंवा छत्तीस चित्रांची मर्यादा भारतात अधिक बोचे. परदेशी फिल्म महाग आणि आयातीवर बंधने. देशी फिल्मसाठी सरकारने उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना १९६० मध्ये स्थापन केला. दहा चित्रे घेऊन एक निवडण्याची चैन जिल्ह्याच्या गावातील छायाचित्रकाराला नव्हती. चुकलेला फोकस चित्र धुतल्यावरच कळे आणि तोपर्यंत प्रसंग संपलेला असे.

२८/
आता मावळाच्या दुसऱ्या घाटाकडे. बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीलाही येथे ‘घाट’च म्हणतात. एकेक गाडा सुटतो, बारी काही सेकंदांत संपते, शेवटी निशाण पडते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. हाती भिंग फिरवणाऱ्यासाठी याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल.

२९/
समजा बैल सेकंदाला १० मीटर वेगाने येत आहेत. डोळ्याने पाहून बोट दाबेपर्यंत माणसाला सुमारे १/५ सेकंद लागतो. तेवढ्यात बैल २ मीटर पुढे सरकतात. म्हणून त्यांच्यामागे भिंग फिरवणे व्यर्थ. पट्टीवरची एखादी खूण, दगड किंवा चुन्याची रेघ निवडायची, तिच्यावर फोकस लावायचा, आणि बैल खुणेच्या दोन मीटर अलीकडे असतानाच शटर दाबायचे.

३०/
१८७८ च्या धावपट्टीवरील दोऱ्याचे काम येथे माणसाचा अंदाज करतो. आणि हा अंदाज कॅमेऱ्याच्या ज्ञानातून येत नाही. गाडा कोठे वेग घेतो, बैल कोठे बिथरतो, उभी गर्दी कोठे आत सरकते, हे घाटावर अनेक दिवस काढलेल्यालाच कळते. फोकसचा वेग म्हणजे त्या जागेची आणि त्या माणसांची ओळख.

३१/
१९७७ मध्ये कोनिकाने स्वयंचलित फोकसचा साधा कॅमेरा बाजारात आणला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने ही सोय भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात रूढ केली. पुढे अंतर ठरवण्याचे काम यंत्राकडे गेले. त्यामुळे असंख्य चांगली चित्रे मिळाली, यात शंका नाही. मात्र कोठे उभे राहायचे आणि कशाची वाट पाहायची, हे यंत्र अजूनही सांगत नाही.

३२/
म्हणून जुने छायाचित्र पाहताना त्यात कोण आहे, एवढाच प्रश्न अपुरा आहे. चित्रासाठी कोणाला थांबावे लागले, हेही विचारायला हवे. खंडाळ्याचा मजूर कॅमेऱ्यासाठी थांबला तरच दिसला. न थांबलेले हजारो त्या काचेवर नाहीत. पुढच्या पिढ्यांतील छायाचित्रकारांनी अंतर आधीच बांधले आणि थांबण्याची पाळी स्वतःवर घेतली. तेव्हा कुठे कामात, झुंजीत, उत्सवात गुंतलेला माणूस आपले काम न सोडता इतिहासात स्पष्ट उमटू लागला.